हाक मुळाची आहे का?

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. मुंग्यांची नव्हे, कवितेतलीही नव्हे. मी एका प्रोग्राममधली ओळ आहे. मला एका बाईने अक्षराला अक्षर जोडून टाईप केलं, चार वर्षं दारावर राखणीला उभं केलं आणि मग एके दिवशी खोडलं. आता माझा रंग लाल आहे आणि माझ्या कपाळावर वजाचं चिन्ह आहे.

तुम्ही म्हणाल, खोडलेली ओळ बोलते कशी? हीच तर आमच्या गावची गंमत आहे. आमच्याकडे खोडलेलं नाहीसं होत नाही. प्रोग्राम बदलला की जुनं ते लाल रंगात, वजाचं चिन्ह लावून इतिहासात जाऊन बसतं, आणि कुणी खोडलं, कधी खोडलं, कशासाठी खोडलं, हे शेजारीच लिहिलेलं राहतं. माणसांच्या जगात एवढी सोय नाही. तिथे चुका पुसल्या जातात, आणि पुसल्या की पुन्हा होतात. म्हणून वाटलं, तुम्हाला सांगावं. कान द्या, फार वेळ घेणार नाही.

माझा जन्म एका रक्तकेंद्राच्या मागच्या खोलीत झाला. पुढच्या खोलीत दाते यायचे, बाही वर करून आडवे व्हायचे आणि मुठीत मऊ चेंडू दाबत छताकडे बघत राहायचे. मागच्या खोलीत तीन मोठे फ्रीज दिवसभर घुमत असायचे. तिथेच एक टेबल होतं. त्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली पुठ्ठ्याची घडी. खिडकीत काचेच्या बरणीत एक वेल लावलेला. माती नाही, खत नाही, नुसतं पाणी. त्या पाण्यात त्याची पांढरी मुळं म्हातारीच्या केसांसारखी तरंगायची. त्या टेबलाशी जी बसायची तिला सगळे ताई म्हणत. वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा तिला ताईच म्हणत, आणि तिच्या नवऱ्याला, तो साधा सुतार माणूस, सगळं केंद्र दाजी म्हणायचं. तो म्हणायचा, “माझ्या एका लग्नात मला पन्नास मेव्हणे मिळाले!”

नऊ गावांतल्या नऊ रक्तकेंद्रांनी तेव्हा एकत्र येऊन एक नोंदवही करायची ठरवली होती. कुठल्या गटाच्या रक्ताची पिशवी कुठे आहे, किती दिवस टिकेल, कुठल्या रुग्णालयाला द्यायची, हे सगळं त्या वहीत. पण वही ठेवायची कुणाच्या कपाटात? ज्याच्या कपाटात वही, त्याचा वरचष्मा. म्हणून ताईने ती अशी बांधली की नऊही केंद्रांत तिची तंतोतंत सारखी प्रत राहील. एकीत पान लिहिलं की उरलेल्या आठांत उमटायचं. आणि प्रत्येक पान मागच्या पानाला असं जखडलेलं, की मधलं एखादं कुणी गुपचूप बदललं तर पुढची सगळी पानं बोंब मारून उठतील. मोठी माणसं याला ब्लॉकचेन म्हणतात. आम्ही घरातल्या घरात साखळीच म्हणायचो.

आता माझं काम ऐका. वहीत नवं रुग्णालय घालायचं असेल तर ती आज्ञा माझ्या दारातून जायची. माझ्यात एवढंच लिहिलं होतं: हाक मुळाची आहे का? असेल तर पुढे जा. नसेल तर इथूनच माघारी.

मूळ म्हणजे रूट. प्रोग्राम लिहिणाऱ्यांच्या बोलीत, ज्याच्या वर कुणी नाही, जो म्हणेल ते होतं, तो रूट. ताईला मात्र आपला शब्द आवडायचा. ती मूळच म्हणायची. आणि आमच्या साखळीचं मूळ कोण? ताईच. तिच्याकडे बोटाएवढी एक किल्ली होती, ती संगणकाला जोडायची, आणि बारा शब्दांचा एक परवलीचा क्रम होता. तो कुठे लिहून ठेवलेला नव्हता. तिच्या डोक्यात होता.

अशा आम्ही अकरा बहिणी होतो, अकरा दारांवर. एक रुग्णालय घालायच्या दारावर, एक काढायच्या, एक पिशवीच्या दिवसांची मर्यादा बदलायच्या, एक सगळी साखळीच थांबवायच्या दारावर. सगळ्यांचे शब्द तेच. मी थोरली, म्हणून माझ्याशेजारी ताईने बारीक अक्षरांत एक टीप लिहिली होती: “तात्पुरतं. नंतर हे मंडळाकडे द्यायचं.”

मित्रांनो, ही टीप लक्षात ठेवा. विशेषतः तो दुसरा शब्द, “नंतर”.

सुरुवातीचे दिवस माझ्या कौतुकाचे होते. एकदा कुठल्या तरी परक्याने खोटं रुग्णालय वहीत घुसवायचा चंग बांधला. एका सकाळीत त्याने चारशेहून अधिक वेळा माझं दार ठोठावलं. मी दर वेळी तेच विचारलं, हाक मुळाची आहे का? नव्हती. माघारी जा. मी दमले नाही की चिडले नाही. केंद्राच्या थोरल्या सिस्टर, ज्यांचा दरारा डॉक्टरांवरही होता, त्या दिवशी पडद्यापुढे येऊन म्हणाल्या, “अशी सून मिळायला पुण्य लागतं गं. चारशेदा विचारा, एकच उत्तर!”

मी मनातून फुलून गेले. खोटं कशाला बोलू? मला गर्वच झाला. मला वाटू लागलं, मी आहे म्हणून ही साखळी आहे.

नऊ केंद्रांचे नऊ प्रतिनिधी मिळून एक मंडळ होतं. सिस्टर त्याच्या अध्यक्ष. साखळीतच मतदानाची सोय होती. ठराव मांडायचा, प्रत्येकाने आपापल्या गावातून मत द्यायचं, मत पानावर उमटायचं. सगळं नीटनेटकं. फक्त त्या मतांना कुठलंच दार उघडायचं नाही. ठराव मंजूर झाला की सिस्टर फोन उचलायच्या: “ताई, ठराव झाला बरं का. आता तू हाक मार.” मग ताई हातातलं काम ठेवून किल्ली जोडायची, बारा शब्द भरायची आणि हसत म्हणायची, “मूळ आलं गं बायांनो, दारं उघडा!”

पूर्वी लेकीला न्यायला माहेरहून जे माणूस यायचं त्यालाही मूळ म्हणत. सिस्टर त्यावरून चेष्टा करायच्या: “तुझी दारं सासुरवाशिणींसारखी आहेत. मूळ आल्याशिवाय हलायचं नाही.”

गंमत गंमत म्हणता ताईच अडकली. ती आजारी पडली तरी हाक, प्रवासात असली तरी हाक. सख्ख्या भावाच्या लग्नात ती जिन्याखाली बसून बारा शब्द भरत होती आणि फोटोत नाही म्हणून अजून तिची वहिनी टोमणे मारते. मला मात्र यातलं काही खुपत नव्हतं. मूळ येत होतं, मी दार उघडत होते. दारवानाला घरधन्याची झोप कशाला मोजायची असते?

मग खोडरबर आले.

ते निवृत्त गृहस्थ होते. दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासून त्यातल्या चुका काढणं हे त्यांचं काम. ते जिथे बसत तिथे ओळी कमी होत, म्हणून पोरांनी त्यांचं नाव खोडरबर ठेवलं होतं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं. ते आले, आखूड पायाच्या टेबलाशी बसले, आणि वरपासून खालपर्यंत वाचत माझ्यापाशी येऊन थांबले.

“ही ओळ कुणाची?”

“माझी,” ताई म्हणाली.

“शेजारी तात्पुरतं लिहिलंय.”

“हो.”

“किती वर्षं झाली?”

ताई जरा घुटमळली. “चार होतील.”

खोडरबरांनी वाकून टेबलाखाली पाहिलं. “आणि हा पुठ्ठा?”

“तोही तात्पुरताच आहे काका,” ताई म्हणाली, आणि दोघंही खो खो हसली.

मग काका गंभीर झाले. “ताई, उद्या तू नसलीस तर?”

“मी कुठे चाललेय?”

“अगं, जा म्हणत नाही. पण माणूस आहेस. ताप येतो, फोन हरवतो, बारा शब्दांतला एक विसरतो. अकराही दारांवर एकच नाव लिहिलंयस. हे मूळ एक दिवस तुमच्याच मुळावर येईल.”

“करू की. मंडळाकडे द्यायचंच आहे,” ताई म्हणाली. “बाळंत होऊन आले की पहिलं काम तेच. नंतर नक्की.”

तिला तेव्हा आठवा महिना होता. काकांनी आपल्या टिपणवहीत काहीतरी लिहिलं.

ताई आईकडे गेली. आईचं गाव नदीकाठी, लहानसं. तिथलं रुग्णालयही लहानसं, बारा खाटांचं, पण स्वच्छ आणि डॉक्टरीण जिवाला जीव देणारी. ते आमच्या वहीत नव्हतं. त्यांनी अर्ज केला होता, आणि मंडळाने नऊपैकी नऊ मतांनी तो मंजूरही केला होता. तेरा दिवस झाले होते. राहिलं होतं काय? फक्त मुळाची हाक. ताई सामानाच्या आवराआवरीत होती. ती म्हणाली होती, “आल्यावर करते. एवढी काय घाई?”

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. ताईने नंतर माझ्यासमोर बसून जे सांगितलं, आणि वहीच्या पानांवर जे उमटलेलं आहे, त्यावरून सांगते.

एका सोमवारी, दुपारचे बारा वाजायला आले असताना, ताईला अचानक रक्तस्राव सुरू झाला. दिवस भरायला अजून अवकाश होता. दाजी आणि तिची आई तिला त्याच बारा खाटांच्या रुग्णालयात घेऊन गेले. डॉक्टरिणीने पाहिलं आणि म्हणाली, बाळ आत्ताच बाहेर काढावं लागेल, आणि रक्त लागेल. ताईचा रक्तगट हजारांत एखाद्याचा. सगळ्या साखळीत त्या गटाच्या दोनच पिशव्या होत्या, आणि त्या चौथ्या केंद्रात होत्या, तासाभराच्या अंतरावर.

पिशवी आमच्याकडे थंड पेटीतून जाते. पेटीला कुलूप असतं, आणि वहीत नाव असलेल्या रुग्णालयात पोहोचल्यावरच ते उघडतं. वाटेत फोडलं तर आतल्या पिशवीचा भरवसा कोण देणार? असा कडेकोट नियम ताईनेच केला होता. चांगला होता. अजूनही आहे.

डॉक्टरिणीने वहीला विचारलं. वही म्हणाली, तुमचं नाव इथे नाही.

दाजींनी सिस्टरना फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, “तिची किल्ली कुठाय?” किल्ली ताईच्या हातपिशवीत होती, चष्म्याच्या घरात. “आणि ते बारा शब्द?”

दाजी रडू लागले. ते म्हणाले, “सिस्टर, आत नेताना ती माझा हात धरून काहीबाही बडबडत होती. पाटी म्हणाली, कावळा म्हणाली, दोरी म्हणाली, मग उंबरा का काहीतरी. मला वाटलं भ्रमात बोलतेय. मी म्हणालो, शांत राहा, देवाचं नाव घे. आणि ती शांत झाली हो!”

मित्रांनो, ती परवलीचे शब्द सांगत होती. नवऱ्याने मायेनेच तिला गप्प केलं. यात कुणाला दोष द्याल?

सिस्टर बसून राहणाऱ्यातल्या नव्हत्या. जुना ठराव मंजूर होताच, पण मुळाविनाच दार उघडावं असा नवा तातडीचा ठराव मांडून त्यांनी मंडळाला हाक दिली. नऊ गावांत नऊ जणांनी जेवणाची ताटं बाजूला सारली. कुणी रस्त्यात स्कूटर थांबवून, कुणी दात्याच्या दंडाला पट्टी बांधता बांधता मत दिलं. अकरा मिनिटांत नऊ मतं. नऊ मुखांतून एक सूर लागला, असा सूर मी आयुष्यात ऐकला नव्हता. ते नऊ जण ठराव हातात घेऊन माझ्या दारात आले. मागे एक आई होती, तिच्या पोटात एक बाळ होतं.

आणि मी विचारलं, हाक मुळाची आहे का?

नव्हती.

मी म्हटलं, माघारी जा.

त्यांनी पुन्हा ठोठावलं. मी पुन्हा तेच म्हटलं. चोराला चारशेदा जे सांगितलं, तेच मी देवमाणसांनाही सांगितलं, त्याच शब्दांत आणि त्याच आवाजात. मला दुसरे शब्दच दिलेले नव्हते. ज्या हातांनी मला घडवलं, ते हात तिकडे गार पडत होते, आणि मी त्यांच्याच आज्ञेने त्यांचीच वाट अडवून उभी होते.

तेव्हा चौथ्या केंद्राच्या ड्रायव्हरने तोड काढली. नदीकाठच्या गावाच्या पुढे, त्याच रस्त्यावर बावीस किलोमीटरवर एक मोठं रुग्णालय होतं, आणि त्याचं नाव वहीत होतं. “पेटी त्यांच्या नावाने द्या,” तो म्हणाला, “तिथे उघडतो आणि उलटा येतो.” दोन्ही पिशव्या पेटीत घातल्या आणि गाडी निघाली.

दाजी फाटकात उभे होते. त्यांना गाडी येताना दिसली. ते हात वर करून रस्त्यात धावले. ड्रायव्हरने गाडी जराशी हळू केली, काच खाली केली आणि ओरडला, “दाजी, पेटी इथे उघडत नाही हो! आलोच, आलोच!” आणि त्यांच्या डोळ्यांदेखत रक्त दारावरून पुढे निघून गेलं.

बावीस किलोमीटर पुढे आणि बावीस मागे. दाजी आजही म्हणतात, आयुष्यात एवढा लांब रस्ता पाहिला नाही. ताईच्या आईने तोवर रुग्णालयाच्या पायरीवर बसून देवाला एवढी साकडी घातली, की तीच नंतर म्हणाली, देवही कंटाळला असेल. आत डॉक्टरिणीने बाळ बाहेर काढलं. मुलगी झाली, रडली, आणि फाटकापर्यंत ऐकू आली. पण आईचा रक्तदाब खाली खाली चालला होता. डॉक्टरिणीने आपल्याकडचं होतं नव्हतं ते सगळं लावून तो तासभर धरून ठेवला. कसा धरला हे ती सांगू शकत नाही. ती म्हणते, “हातांनी धरला आणि वरच्याने धरला.”

गाडी आली. पिशवी आली. ताई वाचली.

चाळीस दिवसांनी ताई मागच्या खोलीत आली. अंगाने निम्मी झाली होती, पण मांडीवर गुबगुबीत लेक होती. सिस्टर होत्या, खोडरबर होते. दाजी दारात उभे राहून बाळाच्या दुपट्याची घडी करत होते.

ताई म्हणाली, “मला नीट कुणी सांगितलंच नाही. नऊ मतं होती ना? मग अडवलं कुणी?”

दाजींनी झालेली घडी मोडून पुन्हा घालायला घेतली. शेवटी सिस्टर म्हणाल्या, “तूच गं पोरी. तुझ्या त्या सुनेने.”

ताईने मला उघडलं. कितीतरी वेळ ती माझ्याकडे बघत होती. मग तिची नजर शेजारच्या टिपेवर गेली. तात्पुरतं, नंतर मंडळाकडे द्यायचं. तिने “नंतर” या शब्दावर बोट ठेवलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

“काका,” ती म्हणाली, “तुम्ही म्हणाला होतात.”

“मी म्हणालो होतो हे आता म्हणायचं नाही,” खोडरबर म्हणाले. “चल, कामाला लागू. पण एक सांगतो. अकरा ओळी एका दमात खोडायच्या नाहीत. जुन्या दाराची बिजागरी काढायच्या आधी नवं दार लागतं का ते बघायचं. विचार दाजींना.”

“बरोबर आहे,” दाजी दारातून म्हणाले. त्या चर्चेतलं त्यांना तेवढंच समजलं.

मग रोज सकाळी ते दोघं बसू लागले. आधी त्यांनी साखळीची एक खोटी प्रत केली, सरावासाठी. तिथे आम्हा अकराजणींचे शब्द थोडे वाढवले: हाक मुळाची आहे का, किंवा मंडळाची? दोन्हींपैकी एक असली तरी चालेल. मग प्रत्येक दारावर मंडळाची किती मतं लागावीत, यावर वाद सुरू झाले. असे वाद मी कधी ऐकले नव्हते, आणि ऐकून मला माझीच लाज वाटली. मी सगळ्यांना एकच प्रश्न विचारत आले होते. दार कुठलं, काम कुठलं, हा विचारच नव्हता.

सिस्टर म्हणाल्या, “नवं रुग्णालय घ्यायला पाच मतं पुरेत. पण कुणाला काढायचं असेल तर सात हवीत, आणि दोन दिवस थांबायचं. ज्याला काढताय त्याला बोलू तर द्या.”

“आणि सगळी साखळी थांबवायची असेल तर?” ताईने विचारलं.

“आग लागली तर नऊजणांची वाट बघायची का? तिघांनी थांबवावी. पण एका दिवसाने आपोआप सुरू व्हावी, नाही तर तिघेच राजे होतील.”

इथे खोडरबरांनी हात वर केला. “थांबा. साखळी थांबली की मतदानही थांबतं. मग ती लवकर सुरू करा असा ठराव करायचा कुठे?”



“किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप,” सिस्टर पुटपुटल्या. “आमच्या स्टोअरकीपरने केलं होतं असं एकदा.”

ताईने कपाळावर हात मारला. त्या दिवशी तिने मतदानाची वाट वेगळी काढली. आता सगळं थांबलं तरी मत द्यायची सोय थांबत नाही.

पण सगळं सरळ गेलं असं नाही. मूळ काढून टाकायचं म्हटल्यावर ताईचाच पाय अडखळला. एकदा ती म्हणाली, “सिस्टर, नऊ जण म्हणजे नऊ तोंडं. रुसवे, फुगवे, उशीर. माझं कसं, एका मिनिटात काम व्हायचं. अडीअडचणीला मूळ राहू द्या की. एका कोपऱ्यात.”

सिस्टरनी बाळाला तिच्याकडून घेतलं. “सासूला वाटतं, किल्ल्या दिल्या तर सून घर बुडवेल. नाही बुडवत गं. दोन दिवस आमटी खारट करेल. आणि कोपऱ्यात ठेवलेलं मूळ कोपऱ्यात राहत नाही. परत तुलाच हाका येतील, परत तू जिन्याखाली बसशील. ही पोरगी मोठी होऊन विचारेल, आई फोटोत का नाही?”

 ताईने खिडकीतली बरणी पुढे ओढली. बिनमातीच्या त्या वेलाचे तिने कात्रीने नऊ तुकडे केले, प्रत्येकाला एकेक पेर ठेवून, आणि नऊ बाटल्यांत घातले. म्हणाली, “मंडळाच्या बैठकीला प्रत्येकाला एक द्या.” पंधरा दिवसांत नऊही तुकड्यांना पेरापाशी पांढरे धुमारे फुटले. मला तेव्हा समजलं. मूळ एकाच बरणीत राहिलं पाहिजे असं कुठे लिहिलंय? तोडून वाटलं तरी ते धरतं.

दोन महिने सराव झाला. मग खऱ्या साखळीत दहा बहिणी एकामागून एक बदलल्या. प्रत्येक बदलावर मंडळाने मत दिलं आणि प्रत्येक दार खोटं खोटं ठोठावून पाहिलं. मी पहिली लिहिलेली, शेवटची उरले. ज्या सकाळी माझी पाळी आली, त्या दिवशी नऊपैकी नऊ मतं पडली. ताईने किल्ली जोडली, बारा शब्द भरले आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाली, “मूळ आलं गं बायांनो.” मग जरा थांबली. “शेवटचं.”

मी विचारलं, हाक मुळाची आहे का?

होती. मी दार उघडलं आणि त्याच दारातून माझी बदली आत आली. हिरवा रंग, कपाळावर अधिकचं चिन्ह. तिचे शब्द होते: हाक मंडळाच्या मंजुरीची आहे का, आणि मतं पाच आहेत का? शेजारी एकही टीप नव्हती. तात्पुरतं नाही, नंतर नाही.

मला वाटलं होतं, मी कचऱ्यात जाईन. पण बदलाची नोंद करताना शेजारी कारण लिहावं लागतं. ताईने लिहिलं: “हिने चार वर्षं इमानाने राखण केली. जे सांगितलं तेच केलं. चूक सांगणारीची होती. हिचे आभार.” मित्रांनो, माझ्या कपाळावर वजाचं चिन्ह आहे, पण शेजारी हे लिहिलेलं आहे. एवढ्यावर मी तृप्त आहे.

बोटाएवढी ती किल्ली दाजींनी आपल्या ठोकळ्यावर ठेवून हातोड्याने चुरली. मग आलेच आहोत तर म्हणून टेबलाच्या आखूड पायाला लाकडाचा तुकडा जोडून दिला. पुठ्ठ्याची घडी त्यांनी ताईच्या हातात ठेवली. “घे. साडेचार वर्षांचं तात्पुरतं.”

त्यानंतर महिन्याभराने डोंगरातल्या एका दवाखान्याचा अर्ज आला. दुपारची वेळ होती. तिथे एका खाणकामगाराला तातडीने रक्त हवं होतं, आणि वहीत नाव नव्हतं. सिस्टरनी ठराव मांडला. एक मत, दोन, तीन. चौथं नदीकाठच्या गावाजवळच्या केंद्राचं, ते न जेवता धावत आलं. पाचवं पडलं आणि माझ्या हिरव्या बहिणीने दार उघडलं. सहा मिनिटं लागली. पेटी थेट डोंगरात गेली आणि थेट तिथेच उघडली.

ताई तेव्हा घरी लेकीला कुशीत घेऊन झोपली होती. जाग आली तशी तिने सवयीने दचकून फोन उचलला. एकही हाक आलेली नव्हती. तिने वही उघडून पाहिली. नवं नाव लागलं होतं, पिशवी पोहोचली होती, माणूस बरा होता.

तिने सिस्टरना फोन केला. आवाजात जरासा रुसवा होता. “मला कुणी कळवलंसुद्धा नाही?”

“तुला कशाला?” सिस्टर म्हणाल्या. “झोप.”

 ताई एवढ्या मोठ्याने हसली की बाळ दचकलं. आणि मग, मित्रांनो, चार वर्षांत पहिल्यांदा, भर दुपारी, तिने फोन उशाखाली न ठेवता दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवला आणि परत येऊन झोपली.

माझं मागणं लहानसंच आहे. तुमच्या घरात, शाळेत, खेळाच्या मैदानावरही अशी दारं असतील, जी एकाच माणसाच्या हाकेने उघडतात. बहुतेक वेळा ते माणूस चांगलंच असतं. चांगलं असतं म्हणूनच आपण त्याच्या गळ्यात सगळ्या किल्ल्या घालतो आणि ते झोपलंय का, हे विचारायचं विसरतो. त्याच्यावर प्रेम असेल तर त्याच्या किल्ल्या वाटून घ्या. आणि कुठे “तात्पुरतं” असं लिहिलेलं दिसलं, तर तारीख विचारा. मला ती कुणी चार वर्षं विचारली नाही.

मी इथेच आहे, इतिहासाच्या पानावर, लाल अक्षरांत. कधी वाट चुकून आलात तर वाचून जा. आता मी कुणाला अडवत नाही.